दुर्गम अ‍ॅबोरिजिनल वस्तीतल्या दुकानात अन्न एवढे महाग का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंची मुलगी परिचारिका म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमधल्या एका अ‍ॅबोरिजिनल वस्तीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत, सहा महिने राहून आली. तिथे एकच दुकान. त्यात लेट्यूसचा गड्डा जवळजवळ डार्विनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मुख्य शहराच्या, दुप्पट दराने, तोही कडेने काळवंडलेला. आणि तो विकत घेणारे लोक त्या श्रीमंत देशातले सर्वांत गरीब. दुकानदार त्यांना नाडतात का, आणि वाहतुकीचा खर्च सरकारने उचलला तर प्रश्न मिटेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी अकरा वर्षे याच कामात होतो. पहिली चार वर्षे अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला वाळवंटातल्या एका वस्तीचे दुकान चालवले आणि पुढची सात वर्षे डार्विनमध्ये बसून आर्नहेम लँडमधल्या दुकानांची खरेदी आणि हिशेब पाहिले. गल्ल्यावर उभे राहून दिसते ते आणि बिलांच्या फायलींतून दिसते ते, असे दोन्ही माझ्या पाहण्यात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नाडणूक काही ठिकाणी झाली आहे. ती नाकारता येणार नाही आणि तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे. परंतु उद्या सगळ्या दुकानांचा कारभार अगदी स्वच्छ झाला तरीही तो गड्डा डार्विनच्या भावात मिळणार नाही. शहरात रस्ता, वीज, कर्मचाऱ्यांची घरे, दुरुस्ती करणारा कारागीर, दर दिवसाआड माल आणणारा ट्रक, हे सगळे दुकानाच्या बाहेर कुणीतरी आधीच उभे केलेले असते. दुर्गम वस्तीत त्यातला बराचसा भार दुकानालाच पेलावा लागतो, आणि तो वसूल करायला दुकानापाशी अन्नाच्या किमतीशिवाय दुसरी जागा नसते. माझ्या मते या सगळ्या महागाईचे मूळ इथे आहे. बाकीची कारणे याच्याच फांद्या आहेत.

मराठी वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आपल्या सवयीमुळे ती चटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते. पुण्यात काय आणि भामरागडला काय, पुडा छापील किमतीहून जास्त दराने विकता येत नाही असा कायदा आहे, आणि त्यामुळे दूरवरची वाहतूक कंपनी आपल्या एकूण हिशेबात मुरवते. म्हणजे भामरागडच्या पुड्याचे थोडे भाडे पुण्याचे गिऱ्हाईकही भरत असते. ऑस्ट्रेलियात अशी छापील कमाल किंमत नाही. प्रत्येक दुकान आपला भाव आपण ठरवते, आणि शेवटच्या टप्प्याचा सगळा खर्च शेवटच्या गिऱ्हाइकाच्या माथी येतो. देशातल्या किराणा विक्रीचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन साखळ्यांकडे आहे. त्यांची दुकाने अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, कॅथरिन अशा गावांपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. पुढे जे आहे ते वस्तीच्या दुकानावर सोडलेले आहे.

महागाई किती, हे मोजले गेले आहे. नॉर्दर्न टेरिटरीचे, म्हणजे डार्विन आणि आर्नहेम लँड ज्यात येतात त्या प्रांताचे, सरकार सहा जणांच्या कुटुंबाला पंधरा दिवस पुरेल अशा अन्नाची एक ठरावीक टोपली धरून वेळोवेळी दुकानांची पाहणी करते. 2021 च्या पाहणीत दुर्गम दुकानांतली ती टोपली मोठ्या गावांतल्या सुपरमार्केटच्या साधारण दीडपट किमतीची निघाली. दीडपट ही सरासरी आहे. काही वस्तूंत फरक फारच कमी असतो, काहींत दुप्पट आणि त्याहून अधिक, आणि ताजी भाजी बहुधा या दुसऱ्या गटात पडते.

आता तो लेट्यूसचाच गड्डा घेऊ. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण माझ्या फायलींतल्या बिलांशी जुळणारे आहे. बारा गड्ड्यांचे खोके डार्विनच्या घाऊक व्यापाऱ्याकडून 30 डॉलरला घेतले. हे लेट्यूस डार्विनला पिकलेले नसते. ते बहुधा दक्षिणेतून आलेले असते, आणि अ‍ॅडलेडहून डार्विन म्हणजे तीन हजार किलोमीटर. म्हणजे आमच्या हातात येण्याआधीच त्याचे चार-पाच दिवस गेलेले असतात. मग ते शीत-कंटेनरमध्ये भरून बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, चढते. बार्ज आठवड्याला एक. ती किनाऱ्याने एकेका वस्तीचा माल उतरवत जाते. भरती-ओहोटी पाहून धक्क्याला लागते, आणि वारा उलटला की एखादा दिवस उशिराही येते. खोक्यामागे भाडे 8 डॉलर धरा. झाले 38.

दुकानाच्या मागच्या दाराशी खोके उघडले की पहिल्यांदा वरची पाने बाजूला करून देठ पाहायचे असते. देठ तपकिरी आणि ओलसर लागला तर तो गड्डा उद्यापर्यंत टिकत नाही. कंटेनर उतरवताना तास-दीड तास उन्हात उभा राहिला असेल तर एका कडेचे गड्डे मऊ पडलेले असतात. बारातले तीन टाकायचे हे मी जवळजवळ ठरलेलेच धरत असे. उरले नऊ. म्हणजे 38 डॉलर नऊ गड्ड्यांवर वाटायचे, एकाचे 4.22. त्यावर दुकानाच्या खर्चासाठी विक्री किमतीच्या 35 टक्के मार्जिन धरले, की फळीवरची किंमत साधारण 6.50 होते. शहरातले सुपरमार्केट तेच खोके 30 ला घेते, बारातला एक टाकते आणि 25 टक्के मार्जिनवर चालते असे धरले, तर तिथे गड्डा 3.65 च्या आसपास पडतो.

या हिशेबात वाहतूक पूर्ण फुकट केली तर काय होईल ते पाहा. 30 डॉलर नऊ गड्ड्यांवर वाटून वर 35 टक्के मार्जिन, म्हणजे 5.13. शहराशी असलेला फरक निम्म्याने कमी झाला, पण मिटला नाही. उलट वाहतूक तशीच ठेवली आणि नासाडी तीनऐवजी एका गड्ड्यावर आणली, तरी किंमत 5.31 वर येते, म्हणजे जवळपास तेवढाच फायदा. भाडे बिलावर लिहिलेले असते म्हणून सगळ्यांना दिसते. वाटेत गेलेले दिवस कुठल्याच बिलावर लिहिलेले नसतात, पण पैसे त्यांचेही मोजावे लागतात. सरकारी बैठकांतून मी हे वारंवार मांडले. वेळेवर निघणारी बार्ज, धक्क्यावर कंटेनरला विजेची जोडणी आणि दुकानात धड चालणारी कोल्ड रूम या तीन गोष्टी भाड्याच्या अनुदानाइतक्याच मोलाच्या आहेत, असे मला आजही वाटते.

पिठाच्या किंवा डब्यातल्या माशांच्या बाबतीत हिशेब वेगळा पडतो. ते नासत नाहीत, पण जड असतात, त्यामुळे तिथे भाड्याचा वाटा वाढतो. पाण्याच्या बाटल्या आणि लहान मुलांचे डायपर यांचेही तसेच: एक वजनाने जड, दुसरे जागा खाणारे, आणि दोन्हींची मूळ किंमत कमी. म्हणून सर्व मालावर एकाच टक्क्याने भाडे लादणारे दुकान आणि वस्तुगणिक भाडे मोजणारे दुकान यांचे भाव एकाच वस्तीत ठेवले तरी जुळणार नाहीत.

पावसाळ्याचा मुद्दा स्वतंत्र लिहावा इतका मोठा आहे. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात कित्येक वस्त्यांचे कच्चे रस्ते बंद पडतात. नद्यांवर पूल नसतात, नुसत्या उथळ फरश्या असतात, आणि त्यांवरून पाणी वाहू लागले की ट्रक आठवडेच्या आठवडे अलीकडच्या काठावर थांबतो. म्हणून ऑक्टोबरमध्येच पीठ, साखर, तांदूळ, डबाबंद माल, दुधाची पावडर यांचा महिनोन्‌महिन्यांचा साठा करावा लागतो. गडचिरोली माहीत असलेल्या वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही, कारण भामरागडकडच्या पुराने तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याआधी रेशनचे धान्य पोहोचवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. फरक असा की इथे ते धान्य सरकारचे असते आणि तिथे तो साठा दुकानाच्या स्वतःच्या खेळत्या भांडवलातून उभा राहतो. वस्तीच्या मालकीच्या दुकानापाशी एवढे भांडवल क्वचितच असते. मग घाऊक व्यापाऱ्याकडे उधारी वाढते, किंवा साठा अपुरा केला जातो आणि जानेवारीत ब्रेड व भाजी लहान विमानाने आणावी लागते. विमानाचे भाडे किलोवर असते. त्या भाड्याने आलेल्या टोमॅटोची किंमत फळीवर लिहिताना माझा हात अडखळत असे, आणि तरीही ती किंमत आम्ही मुद्दाम खरेदीपेक्षा कमी लिहीत असू. तो तोटा मग वर्षभर इतर मालावर पसरायचा.

आता मार्जिनकडे येतो. शहरातल्या वाचकाला 35 टक्के ऐकून इथेच लूट दिसते, म्हणून ते कुठे जाते हे सांगायला हवे. अडीचशे-तीनशे लोकांची वस्ती आणि वर्षाला 15 लाख डॉलरची विक्री असे एक लहान दुकान धरा. 35 टक्क्यांनी हाती सव्वापाच लाख येतात. बहुतेक वस्त्यांत बाहेरून आलेले जोडपे मिळून व्यवस्थापन करते. त्यांचे पगार, त्यांच्या रजेच्या काळात येणाऱ्या बदली माणसांचे पगार, त्यांचे घर आणि प्रवास. वस्तीतलेच पाच-सहा जण गल्ल्यावर आणि फळ्या भरायला. त्यांचे पगार, जे वस्तीत दुकानाबाहेर कमावण्याची साधने थोडी असताना फार मोलाचे असतात. मग विमा, हिशेबनीस, लेखापरीक्षण, गल्ल्याच्या यंत्रणेचे भाडे, पैशांची ने-आण. आणि वीज. तिथले तापमान, सतत उघडझाप होणारी फ्रीजची दारे आणि जुनी यंत्रे यांमुळे दुकानाच्या खर्चात विजेचा आकडा मोठा असतो. अनेक वस्त्यांत ती डिझेल जनरेटरवरच तयार होते, त्यामुळे ती मध्येच जातेही.

एक प्रसंग सांगतो. वाळवंटातल्या माझ्या दुकानात एका शुक्रवारी संध्याकाळी मांसाच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. तापमापक उणे अठरावरून चढू लागला. शीतयंत्रांचा कारागीर अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून येणार, आणि त्याचे बिल तो आपल्या दारातून गाडी काढतो त्या तासापासून सुरू होते. जाता-येता मिळून दहा तास नुसते रस्त्यात. तो शनिवारी दुपारी पोहोचला, सुटा भाग त्याच्याकडे नव्हता, तो आणायला परत गेला आणि सोमवारी आला. मधल्या काळात आम्ही जमेल तेवढे मांस दुसऱ्या फ्रीझरमध्ये कोंबले, काही वस्तीतल्या वृद्धांच्या घरी आणि शाळेच्या स्वयंपाकघरात देऊन टाकले आणि उरलेले सोमवारी खड्ड्यात पुरले. मांस, कारागिराच्या दोन फेऱ्या आणि तो भाग मिळून जी रक्कम झाली ती दुकानाच्या दोन महिन्यांच्या शिलकीपेक्षा जास्त होती. शहरातल्या दुकानदाराला हाच बिघाड दोन तासांत आणि एका साध्या बिलात मिटवता आला असता. वर्षात अशा एक-दोनच घटना घडतात, पण त्यांची तरतूद रोजच्या पिठा-दुधाच्या किमतीतूनच काढून ठेवावी लागते.

खरेदीची बाजूही लहान दुकानाच्या विरोधात असते. मोठ्या साखळ्या थेट कारखान्याशी भाव ठरवतात, स्वतःच्या नावाचा स्वस्त माल तयार करून घेतात आणि आठवड्याच्या सवलती कारखान्याच्याच खर्चाने देतात. वस्तीचे दुकान मधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेते. कधी कधी असे दिसते की एखादी वस्तू त्याला घाऊकात ज्या भावाला मिळते, त्याहून ती सुपरमार्केटच्या फळीवर सवलतीत स्वस्त असते. मी स्वतः अ‍ॅलिस स्प्रिंग्जला गेलो की सवलतीतले स्वयंपाकाचे तेल सुपरमार्केटमधून गाडीभर घेऊन येत असे आणि घाऊक बिलापेक्षा कमी भावाने विकत असे.

यातच रिबेटचा विषय येतो. ठरावीक मालाची ठरावीक खरेदी झाली की पुरवठादार वर्षअखेरीस काही रक्कम परत देतो. ती रक्कम दुकानाला मिळते, की अनेक दुकाने चालवणाऱ्या व्यवस्थापन संस्थेकडे राहते, आणि तिच्यामुळे फळीवरची किंमत कमी होते का, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नसतो. शीतपेयांच्या बाबतीत हे विशेष लक्ष देण्यासारखे आहे. तो माल खपतो खूप, टिकतो महिनोन्‌महिने, आणि त्याच्यासाठी फ्रीजही अनेकदा कंपनीच देते. लेट्यूससाठी कुणी फ्रीज देत नाही. ऑस्ट्रेलियात ताज्या अन्नावर जीएसटी नाही आणि शीतपेयांवर 10 टक्के आहे, तरीही दुकानाच्या खर्चाच्या हिशेबात शीतपेयच स्वस्त पडते. किमतींचा तोल असा आपोआप आजाराच्या बाजूला झुकतो, आणि ज्या वस्त्यांत मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार घरोघरी आहेत तिथे हे डोळ्यांसमोर घडताना पाहणे जड जाते.

आता नाडणुकीबद्दल. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियन संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीने दुर्गम वस्त्यांतील अन्नाच्या किमती आणि अन्नसुरक्षा यांची चौकशी केली. सर्रास, पद्धतशीर नफेखोरी चालते असे समितीला आढळले नाही. पण त्याच समितीने सर्व दुर्गम दुकानांच्या गल्ल्यावरच्या यंत्रणेतून किमतींची तत्काळ नोंद आणि जाहीर माहिती मिळावी अशी शिफारस केली. हे दोन्ही एकत्र वाचायला हवे. नफेखोरी दिसली नाही हे खरे, आणि ती दिसण्यासाठी लागणारे आकडे एकत्र उपलब्धच नव्हते हेही खरे. मी पाहिलेल्या एका दुकानात, जे एका खासगी व्यक्तीकडे चालवायला दिलेले होते, बाळाच्या दुधाच्या डब्यावर खरेदीच्या दुपटीहून जास्त किंमत लावलेली होती. दुकानावर देखरेख करणाऱ्या वस्तीच्या समितीतल्या कुणालाही खरेदीचे बिल कधी दाखवलेले नव्हते, आणि समितीतल्या वडीलधाऱ्या मंडळींची इंग्रजी ही चौथी-पाचवी भाषा होती. आम्ही बिले मागवून त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्यावर तो करार पुढे वाढवला गेला नाही. एकाच दुकानाच्या गावात गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही. जवळच्या गावाला जायचे म्हटले तर टॅक्सीचे भाडेच किराण्याएवढे होते. म्हणून तिथे स्पर्धेची जागा हिशेबाच्या उघडेपणानेच भरून काढावी लागते.

उधारीचाही उल्लेख करतो, कारण तिच्यामुळे किमती झाकल्या जातात. तिथे तिला बुक-अप म्हणतात. आपल्या वाण्याच्या वहीसारखीच ही रीत, पण काही व्यापारी गिऱ्हाइकाचे बँक कार्ड आणि पिनसुद्धा स्वतःकडे ठेवत आणि सरकारी भत्ता जमा झाला की आपली वसुली आपणच करून घेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मिंटाबी येथील अशा एका व्यवहाराचा खटला उच्च न्यायालयापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि 2019 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशांतच इतके मतभेद होते यावरून गुंता लक्षात येईल: अनेक गिऱ्हाइकांना ती उधारी हवी होती, कारण तिच्यामुळे पैसे संपलेल्या आठवड्यातही घरात काहीतरी येत होते.

नियमनाची स्थिती अशी की 2007 च्या केंद्रीय हस्तक्षेपानंतर नॉर्दर्न टेरिटरीतील वस्त्यांच्या दुकानांना परवान्याची पद्धत आली. त्या हस्तक्षेपाबद्दल वस्त्यांमध्ये खोल राग आहे आणि तो रास्त आहे, कारण लोकांना न विचारता त्यांच्या पैशांवर आणि जमिनीवर निर्बंध घातले गेले. परवान्याच्या अटींचा दुकानांच्या कारभाराला मात्र उपयोग झाला, असे मी अनुभवाने म्हणतो. तपासनीस येत, फ्रीजचे तापमान, फळे-भाज्यांची उपलब्धता आणि हिशेब पाहत. पुढे ज्या कायद्याखाली ती पद्धत चालू राहिली त्याची मुदत जुलै 2022 मध्ये संपली.

दुकान कुणाचे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. आर्नहेम लँडमधली आल्पा ही संस्था 1972 पासून चालत आली आहे आणि तिचे सभासद तिथले योल्ङू लोकच आहेत. मध्य ऑस्ट्रेलियात पित्जन्तजत्जरा लोकांच्या भूमीवर माइ विरू ही दुकानांची प्रादेशिक संस्था आहे. त्या नावाचा अर्थच चांगले अन्न असा होतो. 2006 मध्ये केंद्र सरकारने आउटबॅक स्टोअर्स ही कंपनी स्थापन केली, जी वस्त्यांच्या वतीने त्यांची दुकाने चालवते. अशा संस्थांना एकत्र खरेदी करता येते, लहान दुकानाचा तोटा मोठ्या दुकानाच्या शिलकीतून भरता येतो, आणि फळे-भाज्यांचे भाडे त्यांच्या किमतीत न धरता ते इतर मालावर टाकता येते. हे शेवटचे धोरण मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. नॉर्दर्न टेरिटरीतल्या 20 वस्त्यांच्या दुकानांत फळे, भाज्या, पाणी आणि साखरविरहित पेये यांवर 20 टक्के सवलत देऊन पाहिली गेली, तेव्हा फळे-भाज्यांची खरेदी वजनाने सुमारे 12.7 टक्क्यांनी वाढली. नंतर 2018 मध्ये आल्पाच्या दुकानांत बारा आठवडे साखरयुक्त मालाची जाहिरात आणि मोक्याची मांडणी बंद केली गेली. विकल्या गेलेल्या साखरेत 2.8 टक्के घट झाली आणि दुकानांचा नफा बुडाला नाही. नफ्याची ही गोष्ट मी खरेदीदारांच्या बैठकांत नेहमी पुढे करत असे, कारण शीतपेये मागे सरकवली तर दुकान बसेल ही भीती फार पसरलेली होती.

किंमत महाग की स्वस्त, हे शेवटी हातातल्या पैशावर ठरते. वस्तीतली बरीच घरे सरकारी भत्त्यावर चालतात आणि तो पंधरवड्याने येतो. दुर्गम भागात राहणाऱ्यांना महागाईपोटी जो जादा भत्ता मिळतो तो एकट्या माणसाला पंधरवड्याला 18.20 डॉलर आहे, आणि कित्येक वर्षे तो तेवढाच राहिला आहे. वरच्या हिशेबाने त्यात लेट्यूसचे तीन गड्डेही येत नाहीत. 2012-13 च्या राष्ट्रीय पाहणीत दुर्गम भागातल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या मूळ रहिवासी लोकांपैकी 31 टक्के अशा घरांत राहत होते, जिथे मागच्या वर्षभरात कधीतरी अन्न संपले आणि नवे घ्यायला पैसे नव्हते. दुकानात हे गल्ल्यावर दिसते. भत्त्याच्या आठवड्यात गाड्या भरून जातात. दुसऱ्या आठवड्यात लोक ब्रेड, चहा, साखर आणि गरम तळलेले एखादे पाकीट एवढेच घेतात, आणि काउंटरवर बेरीज ऐकून एखादी वस्तू परत ठेवतात. परत ठेवली जाणारी वस्तू बहुधा फळ असते.

म्हणून वाहतुकीचे अनुदान हा उपाय आहे का, याचे माझे उत्तर: आहे, पण अर्धा, आणि तो फळीपर्यंत पोहोचतो का हे तपासण्याची सोय असेल तरच. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेली योजना मला अधिक बरी वाटते. तिच्यात दीडशेहून अधिक दुर्गम दुकानांत 30 आवश्यक वस्तू शहरातल्या भावाने मिळाव्यात असे ठरवले आहे. इथे गिऱ्हाइकाला मिळणारी किंमत ठरलेली असते, त्यामुळे पैसा मध्येच कुठे मुरला तर तो लगेच दिसतो, आणि वस्तीतली आजीसुद्धा फळीवरचा भाव शहरातल्या भावाशी ताडून पाहू शकते. भाड्याच्या अनुदानात तिला असे काहीच ताडता येत नाही. परंतु तीस वस्तूंनी दुकानाचा कॉम्प्रेसर दुरुस्त होत नाही. कोल्ड रूम, सौर वीज, कर्मचाऱ्यांची घरे आणि पावसाळ्यापूर्वीच्या साठ्यासाठी बिनव्याजी भांडवल, हे खर्च दुकानाच्या डोक्यावरून काढून शाळा-दवाखान्याप्रमाणे सार्वजनिक सोयीचे खर्च मानले, तर मार्जिन 35 वरून खाली आणता येते, आणि ते सगळ्याच मालावर.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या मुलीने एक गोष्ट कदाचित पाहिली असेल. कित्येक घरांत दहा-बारा माणसे राहतात, फ्रीज एक किंवा तोही बंद, आणि वीज आगाऊ भरलेल्या पैशांवर चालते. पैसे संपले की दिवा आणि फ्रीज एकदमच बंद. 1987 मध्ये पित्जन्तजत्जरा भूमीवर घरांची आणि आरोग्याची जी पाहणी झाली तिच्यात अन्न साठवण्याची आणि शिजवण्याची सोय ही निरोगी राहण्याच्या नऊ मूलभूत गरजांपैकी एक धरलेली होती. ज्या घरात ती सोय नाही तिथे पाच किलोची स्वस्त पिशवी किंवा मोठा मांसाचा तुकडा घेऊन उपयोग नसतो, म्हणून लोक लहान आणि किलोमागे महाग पाकिटे रोज घेतात. माझ्या दुकानात एक आजी दर भत्त्याच्या दिवशी सफरचंदांची पूर्ण पिशवी घेत, पैसे देत आणि ती माझ्याच कोल्ड रूममध्ये ठेवायला सांगत. मग रोज दुपारी शाळा सुटली की नातवंडांना घेऊन येत आणि प्रत्येकाला एकेक सफरचंद काढून देत. पिशवीवर त्यांचे नाव लिहिलेले असे. वर्षभरात कोल्ड रूमची ती एक पूर्ण फळी अशा नाव लिहिलेल्या पिशव्यांनी भरली, आणि मग आम्ही मालाचे खोके दुसरीकडे हलवले.